कयाधूकाठची पांढरी शेवंती

ज्याने उभी हयात मुलांना त्रैराशिक शिकवण्यात घालवली, आणि तीही उर्दूतून, त्याने पन्नाशीकडे झुकताना मराठीत लेख लिहायला बसावे, हे माझे मलाच धारिष्ट्याचे वाटते. आमच्या निजामी मुलखात शाळेची भाषा एक आणि घरची दुसरी. मराठीत आम्ही भांडलो, रुसलो, अंगाई ऐकली. लिहिण्याचा प्रसंग मात्र लग्नपत्रिकेच्या पलीकडे फारसा आला नाही. त्यामुळे वाक्य कोठे वळवावे आणि कोठे थांबवावे, याला माझा हात बसलेला नाही. जाणत्यांनी सांभाळून घ्यावे. माझ्या बाजूने एवढेच सांगता येईल, की सध्या आमच्या आंबेदरीच्या मठात जे चालले आहे ते पाहून गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

मार्गशीर्ष लागला आहे. कयाधूवरून येणारा वारा पहाटे कानाला झोंबतो, तुरीच्या पिवळ्या फुलांवर दव लोंबते, आणि रस्त्यावर कोठे बैलाच्या गळ्यातली घाटी वाजली की गावातली माणसे मठाच्या फाटकाकडे धावत सुटतात. धावत हा शब्द मी विचार करून लिहितो आहे. पागोटे गुंडाळत म्हातारे धावतात, कडेवर लेकरू घेऊन बाया धावतात. माझी गंगाआत्या, जिला उंबरा ओलांडायलाही भिंतीचा आधार लागतो, तीसुद्धा काठी टेकत निघते आणि भेटेल त्याला विचारते, "आली का रं गाडी? कोणती आणली?" पुढे गेलेल्यांपैकी कोणीतरी ओरडतो, "पिवळी!" आणि सगळी धावपळ एकदम मंदावते. कोणी हसते, कोणी कपाळाला हात लावते. तरीही आणलेल्या रोपाला हात लागतात, ते उतरवले जाते, त्याच्यासाठी वाफ्यात जागा होते. आणि उद्या कोणत्या गावची गाडी येईल याविषयी बोलत माणसे शेताला लागतात.

प्रश्न पांढऱ्या शेवंतीचा आहे.

आमच्या मठाची शेवंती जुनी. पिवळी होती, जांभळट होती. पण मठ ओळखला जाई तो पांढरीसाठी. बारीक पाकळीची, पोटाशी किंचित हिरवट झाक असलेली, वासाला कडसर. पान नुसते चुरडले तरी तो वास दिवसभर बोटांना राही. तिचे फूल कोणी तोडत नसे. दत्तजयंतीला मठाच्या मूळ पुरुषाच्या समाधीवर आम्ही फुले वाहत नाही. पांढऱ्या शेवंतीची फुललेली कुंडीच उचलून समाधीपुढे नेतो, आरती होईपर्यंत ती तेथे राहते, आणि मग तिला परत तिच्या जागी आणून ठेवतो. लहानपणी मला वाटे, की शेवंतीही आपल्यासारखीच दर्शनाला जाते आणि दर्शन झाल्यावर घरी येते. अजूनही, शिक्षकाने कबूल करू नये, पण तसेच वाटते.

गेले साल-दीड साल आमच्या भागावर काय गुजरले ते नव्याने सांगायला नको. गावेच्या गावे जाळपोळीला भिऊन पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. मठही ओस पडला. ऐन उन्हाळ्यात बागेला पाणी देणारे कोणी नव्हते. सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले, माणसे परतली, आणि पाहतात तो वाफ्यांत गुडघाभर गवत, आणि गवताखाली शेवंतीच्या वाळक्या काड्या. एकही रोप उरले नव्हते. मठात आता एकटे शंकरगीर बाबा आहेत. सत्तरी ओलांडलेले, वाकलेले, तरी सकाळी बागेत गेल्यावाचून पाणीही न पिणारे. त्या दिवशी ते वाफ्याच्या कडेला बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

चौथ्या-पाचव्या दिवशी गावातली एक बाई फुटक्या माठात एक रोप घेऊन आली. म्हणाली, "बाबा, हे तुमचंच हाय. मागं तुमीच दिलं व्हतं. आमी न्हवतो, पर परसात पडक्या न्हाणीच्या ओलीला तगलं." दुसऱ्या दिवशी दोघे आले. मग शेजारच्या गावचे, मग कळमनुरीकडचे. कोणी ओल्या गोणपाटात गुंडाळून, कोणी घमेल्यात, एकाने तर पागोट्याच्या खोळीत. बाग पुन्हा उभी राहते आहे. गावोगावच्या परसांतून चालत आपल्या घरी येते आहे. पण आलेले सारे पिवळे किंवा जांभळट. पांढरी कोणाकडेही नाही, कारण पांढरी मठाबाहेर कधी दिलीच नव्हती. दिली ती एकदा, एकाच बाईला. ती बाई कोण, कोठली, हे कोणालाच ठाऊक नाही. का ठाऊक नाही, हे सांगायचे तर मला चौदा-पंधरा वर्षे मागे, त्या एका हंगामात जावे लागेल.

पण त्याच्याही आधी बागेची जुनी हकीकत. ती मला तोंडपाठ आहे. का आहे, तेही पुढे येईलच. मूळ पुरुष, म्हणजे आमच्या मठाचे पहिले गोसावी, उत्तरेकडून लमाणांच्या तांड्याबरोबर आले. तेव्हा तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. एका गोणीवर ओल्या फडक्यात बांधलेले शेवंतीचे रोप होते. जवळच्या तांड्याचा रामू नाईक ही हकीकत ऐकताना दर वेळी मध्येच तोंड घालतो. "लिहून घ्या मास्तर, गोसावी आला पायी. झाड मातर आमच्या बैलावर बसून आलं. मंग मोठं कोण?" यावर शंकरगीर बाबांचे उत्तरही ठरलेले: "बैल."

त्या गोसाव्याने कयाधूच्या काठी झोपडी बांधली, विहीर खोदली, आणि तीन गोष्टी लावून दिल्या. फूल तोडू नये, हे मी सांगितलेच. बागेत येणाऱ्याने विहिरीच्या हौदातून कळशी भरून आधी एखाद्या झाडाला पाणी घालावे आणि मग बाग पाहावी, ही दुसरी. आणि मठात आलेल्या कोणालाही नाव-गाव विचारू नये, ही तिसरी. कारण नावावरून आडनाव निघते, आडनावावरून जात निघते, आणि जात निघाली की पंगतीत माणूस सरकून बसतो. तेव्हा विचारायचेच नाही. आला, जेवला, गेला. ज्यावर बसताना कोणी ओळख मागितली नाही, असे आयुष्यातले एकमेव ताट आमच्याकडच्या कितीतरी माणसांनी या मठात पाहिले असेल.

मात्र ही उदारता ओसरीपुरती होती. बागेला दगडांचा गडगा होता, लाकडी फाटक होते, आणि फाटकाला मुठीएवढे कुलूप. आत मठाची माणसे जात, आणि सणासुदीला वतनदार घरांतली मंडळी. बाकीच्यांनी गडग्यावरून वास घ्यावा. गंगाआत्या तरुणपणी गडग्यावर चढली होती आणि तिचे लुगडे बोरीच्या काट्याला अडकले होते, ही गोष्ट ती अजून सांगते. लुगडे फाटल्याचे दुःख नाही, पांढरी दिसली याचा आनंद.

त्या वर्षी मी हिंगोलीच्या शाळेत नुकता कायम झालो होतो. शुक्रवारी सुटी, म्हणून गुरुवारी शाळा सुटली की तीन कोस चालत गावी यायचे आणि जेवण करून मठाच्या ओसरीवर जाऊन बसायचे. महंत होते केशवगीर बाबा. अंगाने स्थूल, बोलताना पोट हलवून हसणारे. शंकरगीर त्यांचे गुरुबंधू. काटकुळे, अबोल, नखांत कायम माती. बाग त्यांच्याकडे आणि चावी त्यांच्या कमरेला. कार्तिक संपत आला होता, शेवंतीला कळ्या धरल्या होत्या. पंगत उठल्यावर केशवगीर बाबा सहज बोलावे तसे बोलले.

"शंकर, भाकर वाढताना आपण कोणाला नाव-गाव विचारत न्हाई. मंग फूल दाखवताना काहून विचारतो? यंदा फाटक उघडू. येईल त्याला येऊ दे."

शंकरगीर म्हणाले, "भाकर रोज नवी व्हते बाबा. झाड रोज व्हत न्हाई."

"लोक तोडतील म्हणतोस?"

"तोडतील, उपटतील, मागून शेरडं घुसतील. जनम घातला मी हितं."

केशवगीर बाबा हसले नाहीत. "एक हंगाम बघू. दत्तजयंतीपावतर. बाग राहिली तर फाटकाला पुन्हा कुलूप न्हाई. बिघडली तर चावी तुझ्या कमरेला, कायमची. मी जिवंत असेपर्यंत पुन्हा नाव काढणार न्हाई. बराबर?"

"बराबर," शंकरगीर म्हणाले. आणि आम्हा सर्वांना वाटले, की ते ही पैज जिंकलेच.

मग बाबांची नजर माझ्याकडे वळली. "मास्तर, जुम्म्याला तुमी फाटकावर उभं राहा. येणाऱ्याला बागेची हकीकत सांगा."

मी अडखळत म्हणालो, "बाबा, मला चार माणसांत बोलता येत नाही."

"मंग दोन-दोन सोडू," बाबा म्हणाले, आणि आता मात्र त्यांचे पोट हलले.

पहिल्या शुक्रवारी मी फाटकावर उभा राहिलो. आलेल्यांत पहिली आत्याच होती. मी घसा खाकरून, जमिनीकडे पाहत सुरुवात केली, "या बागेचे मूळ पुरुष..." तोच आत्या म्हणाली, "आरं दत्तू, मूळ पुरुष खाली मातीत न्हाईत, समाधीत हायेत. वर बघून बोल." माणसे हसली, मीही हसलो, आणि त्या हसण्यात माझ्या जिभेची गाठ थोडी सुटली. संध्याकाळपर्यंत मी ती हकीकत इतक्या वेळा सांगितली, की शेवटी शेवटी मूळ पुरुष माझ्याबरोबर त्याच तांड्यातून चालत आल्यासारखे मला वाटू लागले. तोंडपाठ आहे म्हणालो, ते यामुळे.

काय दिवस होते ते! मला त्यांचे वर्णन साधणार नाही, पण आठवले की अजून छातीत ढोल वाजतो. भल्या सकाळपासून गाड्या लागत. कापूस वेचून हाताला चरे पडलेल्या बाया, हुरड्याच्या राखेने ओठ काळे झालेली पोरे, आयुष्यात कोणत्याही बागेत पाऊल न टाकलेली माणसे. हौदावर कळशांची गर्दी, तांब्यापितळेचा नाद, ओल्या मातीचा आणि शेवंतीचा एक होऊन उठलेला कडसर गंध. चपला फाटकाबाहेर काढल्या जात. कोणी सांगितले नव्हते. माणसे वाफ्यांमधून चालताना आपोआप हळू बोलत. एक शेतकरी पांढऱ्या शेवंतीपुढे उकिडवा बसला आणि फुलाशी नाक नेऊन बायकोला म्हणाला, "अगं, हिला वास बी हाय!" जणू एवढे रूप दिल्यावर देवाने वास द्यायची गरज नव्हती. हौदावर आपल्या आधी कोणाची कळशी बुडाली हे पाहून दोन-तीन घरची मंडळी फाटकातूनच परतली. बाबांनी त्यांना थांबवले नाही आणि हौदावरच्यांनाही काही म्हटले नाही. पुढच्या शुक्रवारी त्यांतलेच एक घर पुन्हा आले. पाणी भरले, पुढे-मागे न पाहता.

आणि फूल? एकही तुटले नाही. शंकरगीर रोज संध्याकाळी वाफ्यावाफ्यांतून फिरत. त्यांच्या चेहऱ्यावर चोर पकडायला आलेल्या आणि तो न सापडलेल्या माणसाचा भाव असे.

बिघडले ते वेगळ्याच बाजूने, आणि ते आमच्याच मुलखात बिघडावे असे होते. आमची जमीन काळी, चिकण; एकदा पाणी प्याली की सोडत नाही. आणि आम्ही माणसे कोरड्या दिवसांची भीती आईच्या दुधातून प्यालेली. आमच्या लेखी पाणी म्हणजे उपकार. उपकार कधी जास्त होतो, ही कल्पनाच आम्हाला नाही. येणारा प्रत्येक जण कळशी भरून झाडाला घालत होता. एका कळशीवर मन भरेना म्हणून दुसरी. लेकीच्या नावाने तिसरी. सर्वांचा ओढा अर्थातच पांढरीकडे. तिसऱ्या शुक्रवारी मी आलो तेव्हा पांढरीची खालची पाने पिवळी पडली होती आणि कळ्यांनी माना टाकल्या होत्या. झाड मान टाकते म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान लेकरूही सांगेल: तहानले. माणसे हळहळली आणि हौदाकडे धावली. जितकी झाडे मलूल होत, तितके पाणी वाढे. जितके पाणी वाढे, तितकी ती मलूल होत.

आत्या म्हणाली, "लेकरू मलूल दिसलं की पाजायचं, आनखी मलूल दिसलं की आनखी पाजायचं. या लोकांना दुसरी दवाच ठावी न्हाई." आणि असे म्हणत तिनेही आपली कळशी ओतली.

त्या दुपारी सर्वांना कळून चुकले. वाफ्यांत पाय घातला की घोट्यापर्यंत बुडत होता. एका म्हाताऱ्याने झाडाला हात लावला तर ते मुळासकट हातात आले. मुळे काळी, कुजलेली. केशवगीर बाबा ओसरीवरून उतरून फाटकापाशी आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पण हरणारा कोणी लहान माणूस नव्हता, ते शांतपणे म्हणाले, "शंकर, तुझं खरं ठरलं. लोकांना बाहेर काढतो. कुलूप आण."

फाटकाच्या आत उभ्या असलेल्या शेकडो माणसांनी ते ऐकले. मला आठवते, एका बाईने आपल्या हातातली रिकामी कळशी पदराखाली लपवली.

शंकरगीर वाफ्याच्या मधोमध उभे होते. ते जिंकले होते. त्यांनी एकवार फाटकाकडे पाहिले, एकवार पायांखालच्या चिखलाकडे, आणि जे ओरडले ते अजून माझ्या कानांत आहे:

"कुलूप काय लावता? माणसं जातील मंग हे उपसंल कोण? एक बी माणूस बाहेर सोडू नका! फावडी आणा! चर मारा नदीकडं! बायांनो, त्या कळशा पाण्याला न्हाई, वाळूला घ्या! कयाधूची वाळू आणा! मास्तर, हकीकत पुरे झाली, धोतर खोचा!"

आयुष्यात मी एवढा आनंदाने चिखलात कधी उतरलो नाही. ती दुपार कशी गेली ते सांगता येत नाही. पुरुषांनी वाफ्यांना चर मारून पाणी नदीकडे काढले. बाया नदीवरून वाळू आणत होत्या. कळशीतून, पदरातून, टोपल्यांतून. ज्या कळशांनी झाडे बुडवली, त्याच कळशांतून वाळू येऊन मुळांशी पडत होती. रामू नाईक आपल्या तांड्यावर जाऊन बैल घेऊन आला आणि गोणीच्या गोणी वाळू लादून आणू लागला. "लिहून घ्या मास्तर," तो ओरडत होता, "आधी झाड आणलं आमी, आता त्याची जमीन बी आमीच आणतो!" शंकरगीर चिखलात गुडघे टेकून एकेक गड्डा उपटत होते, कुजका भाग छाटून टाकत होते, जिवंत फुटवे वेगळे काढत होते. सगळे फुटवे परत लावायला वाफ्यांत कोरडी जागा नव्हती. तेव्हा पिवळी-जांभळी त्यांनी येईल त्याच्या हातात ठेवली. "घरी न्या. जगवा." गावोगावच्या परसांत शेवंती गेली ती अशी.

पांढरीचे मोजकेच फुटवे हाती लागले. ते मात्र शंकरगीरांनी मांडीशी घेऊन ठेवले होते. पांढरी बाहेर द्यायची नाही, हे त्यांनी न बोलताही सर्वांना समजत होते.

तेवढ्यात पांढरीच्या वाफ्याशी उभी असलेली एक बाई रडू लागली. तिशी-पस्तिशीची असेल. हिरवे लुगडे, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, पायांवर लांबच्या वाटेची धूळ. बोलण्यावरून पैनगंगेच्या पलीकडची, वऱ्हाडातली वाटली. "म्याच घातलं पानी महाराज," ती म्हणत होती. "तीन खेपा घातलं. मले वाटलं तहानलं. माह्या घरी माणूस आजारी हाये, त्याच्या नावानं घातलं. माह्या हातानं मेलं ते."

शंकरगीर आता तिच्यावर कडाडणार, असे वाटून मी पुढे झालो. पण त्यांनी मांडीवरचा पांढरीचा एक फुटवा उचलला, अंगावरच्या भगव्या छाटीचा पदर टर्रकन फाडला, मुळे त्यात गुंडाळली आणि ते बोचके तिच्या ओंजळीत ठेवले.

"रडू नको माय. मेलं न्हाई. हे बघ, हाय. घेऊन जा. पाणी घालायच्या आधी मातीत बोट घाल. माती ओली लागली तर कितीबी जीव तुटला तरी घालू नको."

ती पाया पडली, बोचके छातीशी धरून गाडीत जाऊन बसली. तिला कोणी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. विचारायची रीतच नव्हती.

संध्याकाळी केशवगीर बाबांनी विचारले, "शंकर, कुलपाचं काय करायचं?" शंकरगीर हौदावर हातपाय धूत होते. "चांगलं कुलूप हाय," ते म्हणाले. "धान्याच्या खोलीला लावा. उंदरं सोडून तिकडं कोणी जात न्हाई." आणि त्या दत्तजयंतीला पांढरीची एकच कुंडी समाधीपुढे गेली, तिच्यावर दोनच फुले होती, पण ती पाहायला फाटकापासून नदीपर्यंत माणूस उभा होता. पाणी घालण्याची रीत तेव्हापासून किंचित बदलली. पाहुण्याने आधी मातीत बोट घालावे. कोरडी असेल तर पाणी द्यावे, ओली असेल तर नदीची मूठभर वाळू. केशवगीर बाबा काही वर्षांनी गेले. फाटकाला कुलूप पुन्हा लागले नाही.

मी गणिताचा माणूस. देण्याने वस्तू उणी होते, हे मी मुलांना फळ्यावर शिकवत आलो. पिवळीच्या बाबतीत माझे गणित साफ चुकले. जी वाटली ती शंभर दारी उरली, आणि आज वाजतगाजत परत येते आहे. मठात जपून ठेवलेली पांढरी मात्र मठाबरोबर वाळली. गाव सोडताना शंकरगीर बाबांनी तिची एक कुंडी गाडीत घेतली होती. वैशाखातली वाट, रोपाने पैनगंगाही पाहिली नाही.

परवा एक गंमत झाली. रामू नाईक सकाळी सकाळीच एक कुंडी घेऊन आला. आपल्या पूर्वजांनी त्या काळीच एक रोप तांड्यावर ठेवून घेतले होते, आणि हे त्याच वंशातले, असा त्याचा दावा. कळी मिटलेली होती, टोक फिकट दिसत होते. दोन दिवस गाव त्या कुंडीभोवती बसून होते. आज उजाडता ती उमलली. लोण्यासारखी, पण स्पष्ट पिवळसर.

"पांढरीच हाय," रामू नाईक म्हणाला.

"नाईक, पिवळी हाय," आत्या म्हणाली.

"आत्याबाई, तूप थंडीत थिजलं की कसं दिसतं? पांढरं. ही थंडीतली हाय."

शंकरगीर बाबांनी कुंडी जवळ ओढली, फुलाचा वास घेतला, आणि मोठ्याने हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. "लावा हिला बी. नाईकांची हाय, हट्टानं जगंल." माणसे पांगली. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मास्तर, वऱ्हाडात व्हतो तवा मी दारोदार भिक्षेला फिरलो. भाकरीसाठी न्हाई. प्रत्येकाच्या परसात डोकावायचो. पांढरी दिसली न्हाई. पर ऊनच असं व्हतं, तवा फूल कुठलं?"

मी म्हणालो, "बाबा, कोणाला विचारायचे होते."

"गोसाव्यानं नाव-गाव विचारू नये. गुरूची आज्ञा." त्यांनी कुंडीतल्या मातीत बोट घातले. "पर रोप बी गुरूचंच हाय. मी विचारू शकत न्हाई. तुमी गोसावी न्हाई मास्तर. तुमाला लिहिता येतं. तुमी विचारा."

मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेले नाही, आणि अनोळखी माणसाला हाक मारायलाही मला आठ दिवस लागतात. यंदाची दत्तजयंती तर हा मजकूर छापून होईपर्यंत सरलेली असेल. पण शेवंतीचे फुटवे माघानंतरही लावता येतात, बागेचे फाटक उघडे आहे, आणि एक म्हातारा रोज गाडीची घाटी वाजली की वाफ्यावरून मान वर करतो. म्हणून पुष्कळ संकोचाने, पण स्पष्ट विचारतो. हनुवटीवर तीन ठिपक्यांचे गोंदण असलेली, एका हिवाळ्यात भगव्या फडक्यात बांधलेले रोप घेऊन घरी आलेली ती बाई तुमच्या घरची आहे का?